नकोसे झालेले खेळाडू, त्यांची पुस्तकी किंमत आणि आर्थिक शिस्तीचे नियम

मधली_फळी (धागाकर्ता)

2025 च्या उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेडने मार्कस रॅशफर्ड, अलेहान्द्रो गार्नाचो, जेडन सँचो, अँटनी आणि टायरेल मलासिया या पाच खेळाडूंना मुख्य संघापासून वेगळे काढले आणि त्यांचा सराव निराळ्या वेळी ठेवला. त्याच सुमारास चेल्सीत रहीम स्टर्लिंग आणि ॲक्सेल डिसासी यांच्या वाट्यालाही तेच आले. पुण्यात डेक्कनपासून बाणेरपर्यंत एकत्र बसून सामने पाहणारे जे गट आहेत, त्यांत या विषयावर बोलणे निघाले की बहुतेक वेळा खेळाडू पैशाला चिकटून बसले आहेत असा निष्कर्ष निघतो आणि चर्चा तिथेच संपते. माझे म्हणणे वेगळे आहे. एखादा नकोसा खेळाडू विकला जातो, लोनवर (म्हणजे ठरावीक काळासाठी दुसऱ्या क्लबकडे खेळायला) पाठवला जातो, पैसे देऊन मोकळा केला जातो की वेगळ्या मैदानावर धावत ठेवला जातो, हे त्याच्या खेळापेक्षा क्लबच्या हिशेबवहीतील त्याच्या नावापुढच्या आकड्यावर अधिक अवलंबून असते, आणि तो आकडा चुकीच्या खरेदीतून तयार झालेला असला तरी त्याची झळ मात्र खेळाडूला सोसावी लागते.

मूळ हिशेब असा आहे. खेळाडू विकत घेताना मोजलेली रक्कम त्याच वर्षाच्या खर्चात धरली जात नाही, ती कराराच्या वर्षांवर समान वाटली जाते. चेल्सीने 2021 मध्ये रोमेलु लुकाकूला इंटर मिलानकडून सुमारे 9.75 कोटी पौंडांना पाच वर्षांच्या करारावर घेतले, म्हणजे दर वर्षी 1.95 कोटी पौंड खर्ची पडणार होते. एका हंगामातच दोघांचे बिनसले. त्या वेळी त्याची पुस्तकी किंमत, म्हणजे अजून खर्ची न पडलेली रक्कम, 7.8 कोटी उरलेली होती आणि तेवढे पैसे देणारे गिऱ्हाईक बाजारात नव्हते. समजा कोणी 4 कोटी दिले असते, तर उरलेले 3.8 कोटी पौंड त्याच वर्षी एकरकमी तोटा म्हणून दाखवावे लागले असते. त्यामुळे तो 2022-23 मध्ये इंटरकडे आणि 2023-24 मध्ये रोमाकडे लोनवर गेला, आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये पुस्तकी किंमत सुमारे 3.9 कोटी पौंडांवर आल्यावर नापोलीने त्याला सुमारे 3 कोटी युरोंना विकत घेतले. तोटा तेव्हाही झालाच, पण तो पचवता येण्याजोगा होता.

हे लक्षात ठेवून युनायटेडच्या त्या पाच जणांकडे पाहिले, तर एकाच रांगेत उभे असलेले पाच निरनिराळे हिशेब दिसतात. रॅशफर्ड क्लबच्याच अकादमीत वाढलेला, म्हणजे विकत घेतलेला नसल्यामुळे त्याची पुस्तकी किंमत शून्य होती, अडचण फक्त त्याच्या पगाराची होती, आणि बार्सिलोनाने विकत घेण्याच्या पर्यायासह त्याला लोनवर नेल्यावर ती तात्पुरती सुटली. गार्नाचो किशोरवयात अतिशय अल्प रकमेत आलेला होता, म्हणून चेल्सीने दिलेले सुमारे 4 कोटी पौंड जवळजवळ पूर्णपणे नफ्यात जमा झाले. अँटनीसाठी 2022 मध्ये आयाक्सला सुमारे 9.5 कोटी युरो दिले होते. पाच वर्षांपैकी तीन संपल्यावर सुमारे 3.8 कोटी उरले, आणि रियाल बेटिसने त्यापेक्षा बरीच कमी, म्हणजे सव्वादोन कोटी युरोंच्या आसपास हमी रक्कम दिली. सँचो 2021 मध्ये 7.3 कोटी पौंडांना आला होता, त्याच्या कराराचे शेवटचे वर्ष उरले होते, म्हणून तो ॲस्टन व्हिलाला लोनवर गेला. मलासियाचा व्यवहार झालाच नाही. पाचही जणांना वागणूक एकच मिळाली, आणि मला खटकते ते हेच. ज्याच्या विक्रीतून निव्वळ नफा होणार आहे आणि ज्याच्या विक्रीतून तोटा ठरलेला आहे, अशा दोघांवरही दबाव आणण्याचे साधन मात्र एकच, सहकाऱ्यांपासून तोडणे.

ताळेबंद

धागा काढल्याबद्दल आभार. मी व्यवसायाने सनदी लेखापाल आहे, लक्ष्मी रस्त्यावर बसतो आणि बहुतांश कामे कारखानदारांची करतो, त्यामुळे हा विषय मला अगदी ओळखीचा वाटतो. कारखान्याने घेतलेल्या यंत्रावर दर वर्षी घसारा धरतात, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की यंत्राला दुसऱ्या कारखान्यात जायचे नाही असे म्हणता येत नाही आणि खेळाडूला म्हणता येते.

नियमाचा आकडा इथे नोंदवून ठेवतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या, 2025-26 हंगामापर्यंतच्या, नफा व टिकाऊपणाच्या नियमानुसार क्लबला तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त 10.5 कोटी पौंड तोटा दाखवता येतो, आणि तोही मालकाने भांडवल घालून भरून काढला तरच; एरवी मर्यादा 1.5 कोटीच आहे. अकादमी, महिला संघ, स्टेडियमची बांधकामे आणि समाजोपयोगी कामे यांवरचा खर्च यातून वगळला जातो. लुकाकूच्या उदाहरणात एकूण खर्च बदलत नाही, तो कोणत्या वर्षात पडतो एवढेच बदलते. पण मोजणी तीन वर्षांच्या सरकत्या चौकटीत होते, म्हणून कोणत्या वर्षात हाच सगळा प्रश्न होऊन बसतो. एखादे जड वर्ष चौकटीबाहेर जाण्याची वाट पाहणे आणि तोवर खेळाडूला लोनवर फिरवत ठेवणे हा त्यामुळे लेखा विभागाचा साधा, सरळ निर्णय असतो.

याच घराण्यातला आणखी एक प्रकार म्हणजे करार वाढवून मग लोनवर पाठवणे. चेल्सीने केपा अरिझाबलागा या गोलरक्षकाला 2018 मध्ये 7.16 कोटी पौंडांना सात वर्षांसाठी घेतले. 2023 मध्ये तो रियाल माद्रिदकडे लोनवर गेला. 2024 मध्ये बोर्नमथकडे पाठवण्याआधी त्याचा करार एक वर्षाने वाढवला गेला आणि 2025 मध्ये आर्सेनलने त्याला सुमारे 50 लाख पौंडांत घेतले. करार वाढवल्यामुळे उरलेली रक्कम एकाऐवजी दोन वर्षांवर पसरते, आणि लोनहून परत आल्यावर तो फुकट निघून जाण्याऐवजी काहीतरी किंमत पदरात पडते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र क्लबला नको असलेल्या माणसाशीच नवा करार का केला, असे कोडे पडते.

करार संपवून मोकळे करणे केव्हा परवडते, तर पुस्तकी किंमत थोडी आणि पगार मोठा असेल तेव्हा. आर्सेनलने मेसुत ओझिलला 2020 च्या ऑक्टोबरमध्ये प्रीमियर लीग आणि युरोपा लीग या दोन्ही स्पर्धांच्या यादीतून वगळले, तेव्हा त्याचा पगार आठवड्याला साडेतीन लाख पौंड असल्याचे छापून येत होते. 2021 च्या जानेवारीत करार संपवून तो फेनरबाचेला गेला. पुढच्या वर्षी पिएर-एमरिक ओबामेयांगचेही तसेच झाले. निकोला पेपेचे प्रकरण अधिक बोलके आहे, कारण 2019 मध्ये 7.2 कोटी पौंडांना घेतलेल्या त्या खेळाडूचा करार शेवटच्या वर्षात, म्हणजे पुस्तकी किंमत बरीचशी उतरल्यावरच संपवला गेला.

निळा_चाहता

मी चेल्सीचा जुना चाहता आहे आणि क्लबची बाजू इथे कोणीतरी मांडली पाहिजे असे मला वाटते. प्रीमियर लीगमध्ये 21 वर्षांवरील खेळाडूंची यादी 25 जणांची असते. एकेका क्लबकडे चाळीसच्या घरात व्यावसायिक खेळाडू असतात तेव्हा सगळ्यांना एकाच सरावात घेतले, तर प्रशिक्षकाला पुढच्या सामन्याची आखणीच करता येणार नाही. शिवाय ज्याला जायचे आहे आणि ज्याला जायला सांगितले आहे, असे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये असले की त्याचा परिणाम तरुण मुलांवर होतोच. वेगळ्या सरावाची व्यवस्था असली तरी पगार वेळेवर मिळतो, वैद्यकीय सुविधा मिळतात आणि मैदानही मिळते. स्टर्लिंगला 2024 मध्ये असेच बाजूला ठेवले होते आणि विंडो (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत) बंद होण्याच्या शेवटच्या दिवशी तो आर्सेनलकडे लोनवर गेला, म्हणजे मार्ग निघतो.

दुसरे असे की क्लबही दर वेळी दुसऱ्याच्या खिशातून चूक भरून काढत नाही. सँचोला चेल्सीने 2024 मध्ये हंगामाअखेर विकत घेण्याच्या बंधनासह लोनवर आणले होते आणि नंतर ते बंधन मोडण्यासाठी युनायटेडला 50 लाख पौंड मोजले. नको असलेला खेळाडू घेण्यापेक्षा दंड देणे बरे, असे क्लबने ठरवले आणि तो दंड भरला. यात मला काही गैर दिसत नाही.

करारपत्र

निळा_चाहता यांच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण कायद्याची बाजू त्यांनी सोडली आहे. फिफाच्या खेळाडू-हस्तांतरण नियमांतील कलम 14 मध्ये स्पष्ट म्हटले आहे की समोरच्या पक्षाला करार संपवायला किंवा त्याच्या अटी बदलायला भाग पाडण्याच्या हेतूने एखाद्या पक्षाने जाचक वर्तन केले, तर त्या समोरच्या पक्षाला योग्य कारणासह करार संपवण्याचा हक्क मिळतो. प्रश्न येतो तो पुराव्याचा. प्रशिक्षक म्हणतो की हा निव्वळ खेळाच्या दृष्टीने घेतलेला निर्णय आहे, पगार चालू असतो, मैदान उपलब्ध असते, आणि हेतू सिद्ध करणे खेळाडूवर येऊन पडते. कलम 15 प्रमाणे प्रस्थापित व्यावसायिक खेळाडू हंगामातल्या 10 टक्क्यांहून कमी अधिकृत सामन्यांत खेळला असेल, तर त्याला खेळाच्या कारणावरून करार मोडता येतो, पण ते हंगाम संपल्यावर आणि 15 दिवसांच्या आतच करावे लागते, आणि भरपाईचा प्रश्न शिल्लक राहतो. पुढच्या क्लबशी बोलणी चालू असलेला तिशीतला खेळाडू ही वाट धरण्याचे धाडस क्वचितच करतो.

फ्रान्समध्ये या वेगळ्या गटाला लोफ्ट म्हणतात आणि तिथली खेळाडूंची संघटना त्याविरुद्ध उघडपणे उभी राहते. 2023 च्या उन्हाळ्यात किलियन एम्बापेने करार वाढवण्यास नकार दिला, तेव्हा पॅरिस सेंट-जर्मेनने त्याला आशिया दौऱ्यावर नेले नाही, नकोशा खेळाडूंबरोबर सरावाला लावले आणि लीगच्या पहिल्या सामन्यालाही बाहेर ठेवले. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एकाच्या बाबतीत हे होऊ शकते, तर विसाव्या वर्षी दुसऱ्या देशातून आलेल्या, भाषाही न येणाऱ्या मुलाच्या बाबतीत काय होत असेल, याचा विचार करावा. सहकाऱ्यांबरोबर सराव करायला मिळणे हा खेळाडूच्या रोजगाराचाच भाग आहे, कारण त्याशिवाय त्याची बाजारातली किंमत घटते, असे माझे ठाम मत आहे.

लोनच्या मार्गावरही आता बंधन आले आहे. 2022 च्या जुलैपासून फिफाने आंतरराष्ट्रीय लोनची संख्या मर्यादित केली. आधी आठ, मग सात आणि 2024 पासून सहा. 21 वर्षांपर्यंतचे आणि क्लबमध्येच घडलेले खेळाडू यातून वगळलेले आहेत. म्हणजे पूर्वी चेल्सीसारखा क्लब तीसहून अधिक खेळाडू लोनवर ठेवून त्यांच्या किमती उतरण्याची किंवा चढण्याची वाट पाहू शकत होता, तेवढी जागा उरलेली नाही. माझ्या मते वेगळ्या सरावाच्या घटना वाढण्यामागे हे एक मोठे कारण आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही.

मधली_फळी

करारपत्र, लोनच्या मर्यादेचा मुद्दा अतिशय महत्त्वाचा आहे. त्याला जोडून स्पेनमधले एक उदाहरण देतो. ला लीगामध्ये खर्चाची मर्यादा हंगामाआधीच ठरते आणि ती ओलांडली तर खेळाडूची नोंदणीच होत नाही. 2021 मध्ये लिओनेल मेस्सीने पगार अर्ध्यावर आणण्याची तयारी दाखवूनही बार्सिलोनाला त्याची नोंदणी करता आली नाही. 2019 मध्ये ॲटलेटिको माद्रिदकडून 12 कोटी युरोंना घेतलेला अँटोइन ग्रीझमान बार्सिलोनाने त्याच उन्हाळ्यात लोनवर ॲटलेटिकोला परत दिला. करारातली अट अशी होती की ठरावीक प्रमाणात सामन्यांत तो किमान 45 मिनिटे खेळला, तर ॲटलेटिकोने त्याला 4 कोटी युरोंना विकत घेतलेच पाहिजे. मग 2022-23 च्या सुरुवातीला ॲटलेटिकोचा प्रशिक्षक दिएगो सिमेओने त्याला सामन्यामागून सामन्यात साठाव्या मिनिटानंतरच मैदानात उतरवू लागला. ऑक्टोबरमध्ये दोन्ही क्लबांनी कमी किमतीवर, सुमारे 2 कोटी युरोंच्या आसपास तडजोड केल्यावर तो पुन्हा पहिल्या मिनिटापासून खेळू लागला. पुढे त्याच वर्षीच्या विश्वचषकात फ्रान्सला अंतिम फेरीत नेण्यात त्याचा वाटा किती मोठा होता, हे सर्वांनी पाहिले. असा खेळाडू फॉर्मात असूनही एका कलमामुळे आठवडेच्या आठवडे बाकावर बसवला जातो, हे पाहताना मला खरोखर वाईट वाटले होते.

बालेवाडी_पूर्व_स्टँड

चर्चा युरोपची आहे, पण मला अकादमीच्या मुलांबद्दल विचारायचे आहे, कारण मी पुण्यात बारा-चौदा वर्षांच्या मुलांना शिकवतो. आपल्या शहराने पुणे एफसी पाहिला, डीएसके शिवाजियन्स पाहिला, आणि 2014 ते 2019 या काळात बालेवाडीच्या मैदानावर एफसी पुणे सिटी पाहिला. तिन्ही क्लब आज नाहीत आणि पुणे सिटीची इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) जागा हैदराबादला गेली. आपल्याकडचे करार कमी मुदतीचे असतात, खरेदीच्या रकमा लहान असतात, त्यामुळे पुस्तकी किमतीचा प्रश्न इथे उभाच राहत नाही. आपल्याकडे नकोसा खेळाडू म्हणजे पगार थकलेला खेळाडू. त्या बाबतीत फिफाचा नियम, दोन महिन्यांचा पगार थकला तर नोटीस देऊन करार संपवता येतो हा, आणि नव्या खेळाडूंच्या नोंदणीवरची बंदी, या दोन गोष्टींचा भारतीय खेळाडूंना खरा आधार झाला आहे.

माझा प्रश्न असा. मधली_फळी यांनी लिहिले की अकादमीतल्या मुलाची पुस्तकी किंमत शून्य असते. मग क्लबला ज्याची गरज आहे, जो लहानपणापासून तिथेच वाढला, तोच सगळ्यांत आधी विकला जाणार, असा याचा अर्थ होतो का?

मधली_फळी

दुर्दैवाने बऱ्याच अंशी होतो. मेसन माउंट 2023 मध्ये चेल्सीतून युनायटेडला गेला, कोल पामर त्याच उन्हाळ्यात मँचेस्टर सिटीतून चेल्सीला आला, कॉनर गॅलाघर 2024 मध्ये ॲटलेटिकोला गेला आणि स्कॉट मॅकटॉमिनी नापोलीला. मॅकटॉमिनी त्याच 2024-25 हंगामात इटलीचा विजेता ठरला आणि सेरी आ या तिथल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडूही. यांतले सगळे केवळ हिशेबासाठी विकले गेले असे मी म्हणणार नाही, पामरला तर खेळायला अधिक वेळ हवा होता. पण गॅलाघरने त्याआधीच्या हंगामात चेल्सीचे कर्णधारपद वारंवार सांभाळले होते आणि तरीही त्याला बाजारात उभे केले गेले, कारण त्याच्या विक्रीचा पूर्ण पैसा नफा होता, आणि त्याच संघात ज्यांच्यावर कोट्यवधी पौंड शिल्लक होते त्यांना विकले असते तर तोटा दाखवावा लागला असता. चेल्सीने मिखाइलो मुद्रिक आणि एन्झो फर्नांडिस यांना साडेआठ वर्षांचे करार दिले, तेव्हा वार्षिक खर्च लहान दिसला, पण पुस्तकी किंमत उतरायलाही तेवढीच वर्षे लागणार हे दुसरे टोक होते. युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेने 2023 मध्ये आणि मग प्रीमियर लीगनेही ही वाटणी पाच वर्षांपुरती मर्यादित केली, ते योग्यच झाले.

म्हणून माझी मागणी अशी आहे की अकादमीतील खेळाडूच्या विक्रीचा नफा हिशेबात पूर्ण धरू नये, आणि वेगळ्या सरावाला लीगने स्वतःच्या नियमांतून मनाई करावी.

ताळेबंद

दुसऱ्या मागणीशी मी पूर्ण सहमत आहे, पहिलीशी नाही. अकादमीच्या विक्रीचा नफा कापला, तर मोठ्या क्लबांपेक्षा लहान क्लबांचे नुकसान अधिक होईल, कारण त्यांचे पोटच त्यावर चालते, आणि मुले घडवण्यावर खर्च करण्याचे कारणच उरणार नाही.

मुळात घाई होते ती 30 जूनमुळे, कारण बहुतेक इंग्लिश क्लबांचे आर्थिक वर्ष त्या दिवशी संपते. नॉटिंगहॅम फॉरेस्टने ब्रेनन जॉन्सन या आपल्या अकादमीच्या खेळाडूला जूनमध्ये न विकता 2023 च्या 1 सप्टेंबरला टॉटनहॅमला सुमारे 4.75 कोटी पौंडांना विकले. थांबल्यामुळे चांगली किंमत आली, हा त्यांचा युक्तिवाद व्यवहार म्हणून पटण्यासारखा होता, पण लीगच्या आयोगाने तो मान्य केला नाही आणि तोट्याची मर्यादा ओलांडल्याबद्दल 2024 च्या मार्चमध्ये त्यांचे चार गुण कापले. त्याच हंगामात एव्हर्टनचे आधी दहा, अपिलानंतर सहा आणि मग आणखी दोन गुण गेले होते. याचा परिणाम पुढच्याच जूनमध्ये दिसला. न्यूकॅसलने एलियट अँडरसन फॉरेस्टला दिला आणि तिकडून ओडिसियास व्लाखोदिमोस घेतला. व्हिलाने चेल्सीला ओमारी केलीमन दिला आणि इयान माटसेन घेतला. एव्हर्टन आणि व्हिला यांच्यात टिम इरोएग्बुनाम आणि लुईस डॉबिन यांची ये-जा झाली. दोन्ही बाजूंना विक्रीचा नफा ताबडतोब आणि खरेदीचा खर्च पाच वर्षांवर, असा हा व्यवहार असतो. या व्यवहारांना शिक्षा झालेली नाही, पण इटलीत युव्हेंटसचे 2023 मध्ये दहा गुण गेले ते अशाच अदलाबदलींतल्या फुगवलेल्या किमतींच्या प्रकरणात. ज्या मुलांना या घाईत गाव बदलावे लागले, त्यांना ठरवायला किती दिवस मिळाले असतील, हा बालेवाडीकरांचा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर कोणत्याही ताळेबंदात नाही.

निळा_चाहता

गॅलाघर गेला तेव्हा चेल्सीच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावरच्या प्रेक्षकांना जे वाटले तेच मलाही वाटले, हे मान्य करतो. पण 2026-27 पासून प्रीमियर लीगमध्ये नवा नियम येत आहे आणि तोट्याऐवजी संघावरचा खर्च उत्पन्नाच्या 85 टक्क्यांपर्यंत ठेवायचा आहे. त्याने हे थांबेल का?

ताळेबंद

युएफाकडे हाच प्रकार आधीपासून आहे; तिथे प्रमाण 90 वरून 80 आणि 2025-26 पासून 70 टक्क्यांवर आले आहे. अंशात पगार, खरेदीची वाटलेली रक्कम आणि एजंटांचे मानधन. छेदात उत्पन्न आणि खेळाडूंच्या विक्रीतला निव्वळ नफा. युएफा हा नफा तीन वर्षांच्या सरासरीने धरते, म्हणून तिथे एका जूनमध्ये एखादा मुलगा विकून पूर्ण वर्ष सावरता येत नाही. ही सुधारणा मला मनापासून स्वागतार्ह वाटते.

नकोशा खेळाडूचे मात्र याने भले होईलच असे नाही. जुन्या नियमात त्याचा पगार एकूण तोट्यातल्या अनेक खर्चांपैकी एक होता, हॉटेल किंवा जमीन विकूनही तो झाकता येत होता. नव्या मोजणीत पगार आणि खरेदीची वाटणी याच दोन गोष्टी मुख्य उरतात, आणि न खेळणाऱ्या खेळाडूचा प्रत्येक पौंड खेळणाऱ्याच्या जागेवर बसतो. त्याला लवकरात लवकर बाहेर काढण्याची निकड त्यामुळे वाढेल, आणि लोनवर नेणारा क्लब किती टक्के पगार उचलतो यावरच व्यवहार ठरू लागतील. म्हणूनच वेगळ्या सरावाबद्दलचा नियम याच वेळी, या मोजणीसोबतच लिहिला जायला हवा होता. तो लिहिला गेलेला नाही.